एका पानाचा अर्ज

२०१३ च्या जुलै महिन्यातील ही गोष्ट आहे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले होते. रक्तदाब १७०/१०० भरला. डॉक्टरांनी पट्टा सोडला, दहा मिनिटांनी पुन्हा बांधला; आकडा जवळपास तोच. गोळ्या वेळेवर चालू होत्या, मीठ कमी केलेले होते, सकाळचे फिरणेही सुटले नव्हते. "झोप कशी आहे?" या प्रश्नावर अण्णा खाली पाहू लागले. शेवटी मीच सांगितले, "रात्री दोन वाजता उठतात आणि उजाडेपर्यंत ओसरीवर येरझाऱ्या घालतात."

डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी औषध देतो. पण यांच्या मनात जे चाललं आहे, ते गोळीला कळत नाही. ते तुम्ही बघा."

मनात काय चालले होते, ते घरात सर्वांना ठाऊक होते. अण्णा सोलापुरात एका छापखान्यात कामाला होते. १९८५ च्या जूनमध्ये खिळे जुळवणारे म्हणून लागले, पुढे ऑफसेट आल्यावर यंत्रावर गेले, आणि २०१३ च्या फेब्रुवारीअखेर निवृत्त झाले. सत्तावीस वर्षे आठ महिने. निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. ग्रॅच्युइटीचे विचारले तेव्हा धाकटे शेठ म्हणाले, "पहिली सहा-सात वर्षं तुम्ही तात्पुरते होतात, मध्ये खंडही आहेत. तुम्ही घरचे म्हणून चाळीस हजार देतो. या कागदावर सही करा." कागदावर लिहिले होते की सर्व हिशेब पूर्ण झाला असून आपली कोणतीही मागणी उरलेली नाही.

अण्णांनी सही केली नाही, आणि भांडणही केले नाही. ते घरी आले आणि जागे राहू लागले. थोरल्या शेठांच्या आजारपणात आपण दोन-दोन पाळ्या केल्या, निवडणुकीच्या दिवसांत यंत्रापाशीच झोपलो, आणि आता आपणच तात्पुरते! दिवसातून पाच वेळा ही कथा ते सांगत. आई ऐके, मी ऐके, दूधवाला ऐके. पाच महिने गेले. ज्यांनी ऐकायला हवे होते, त्यांच्याकडे मात्र एक ओळही गेली नव्हती.

मनातील वाद शरीराला कसा शिणवतो, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. संताप आला की शरीर जणू संकटासाठी सज्ज होते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, साखरही वर जाते. संकट टळले की हे सारे पूर्ववत व्हायला हवे. पण जो वाद रोज रात्री नव्याने उगाळला जातो, तो टळतच नाही. म्हणून आरोग्याच्या या पाक्षिकात आज कायद्याविषयी लिहिण्याचे धाडस करते आहे. मी वकील नाही. एका निवृत्त कामगाराची मुलगी आणि पुढे अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करणारी लेक, एवढाच माझा अधिकार.

डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी अण्णांना घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. बहुतेक जिल्हा न्यायालयांच्या आवारातच हे कार्यालय असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. औद्योगिक कामगार, दिव्यांग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांनाही मिळते. तेथे एक तरुण वकील बाई बसल्या होत्या. अण्णांनी १९८५ पासून सुरुवात केली. थोरले शेठ, महापूर, निवडणुका. बाईंनी पाच मिनिटे शांतपणे ऐकले आणि विचारले, "काका, कागद काय आहेत?"

अण्णा थांबले. कागद नव्हते, आठवणी होत्या.

"हे सगळं खरंच असणार," बाई म्हणाल्या, "पण मला एका पानात लिहून द्या. कधी लागलात, कधी सुटलात, शेवटचा पगार किती, काय मागितलं, काय उत्तर मिळालं. प्रत्येक वाक्याला तारीख. रागाचे शब्द काढून टाका."

त्या रात्री अण्णा लिहायला बसले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका, दशक्रियेच्या चिठ्ठ्या आणि वकिलांच्या जाहीर नोटिसा बिनचूक जुळवल्या, त्याने स्वतःचा एकही अर्ज कधी लिहिला नव्हता. पहिला मसुदा अकरा पानांचा झाला. दुसऱ्या दिवशी चार पाने उरली. तिसऱ्या दिवशी, प्रुफे तपासावीत तसे, तांबडी पेन्सिल घेऊन त्यांनी 'विश्वासघात', 'कृतघ्न', 'घामाचे पाणी' अशा शब्दांवर एकेक रेघ मारली. एक पान उरले. ते वाचताना मला प्रथमच आमची बाजू किती भक्कम आहे, ते दिसले.

मग कागदांचा शोध सुरू झाला. आईच्या ट्रंकेत, जुन्या साड्यांच्या घडीखाली, भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक चिठ्ठ्या सापडल्या. १९८५-८६ पासून खाते क्रमांक एकच आणि दरवर्षीची वर्गणी जमा. दिवाळीच्या बोनसच्या काही पावत्याही निघाल्या. ज्याला शेठ तात्पुरता म्हणत होते, त्याचा निधी त्यांच्याच छापखान्याने पहिल्या वर्षापासून भरला होता!

तेव्हा लागू असलेला १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा वकील बाईंनी आम्हांला समजावून दिला. तो इथे सांगते, कारण त्याची रीत अवघड नाही. निवृत्तीवेळी किमान पाच वर्षे सलग सेवा झालेली हवी. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागून १५ ने गुणावे, आणि येणाऱ्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणावे. सहा महिन्यांहून अधिक असलेला वर्षाचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. अण्णांचे शेवटचे वेतन १०,४०० रुपये होते. भागाकार-गुणाकार करून एका वर्षाचे ६,००० आणि अठ्ठावीस वर्षांचे १,६८,००० रुपये झाले. शेठ देऊ करत होते चाळीस हजार, तेही उपकार म्हणून. सलग सेवेसाठी वर्षाचे सगळे दिवस भरावे लागत नाहीत; सामान्यतः वर्षात २४० दिवसांचे काम पुरते. शिवाय मालकाने ही रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते. उशीर केला तर व्याजासह.

आमच्याकडूनही उशीर झाला होता. मालकाकडे अर्ज करण्याची तीस दिवसांची साधारण मुदत मार्चमध्येच संपली होती. पण केवळ उशिरामुळे हक्क बुडत नाही, उशिराचे कारण मात्र लिहावे लागते. अण्णांनी लिहिले, "प्रकृती अस्वास्थ्य आणि माहितीचा अभाव." दोन्ही खरे होते.

अर्जाच्या दोन प्रती घेऊन आम्ही छापखान्यात गेलो. कारकुनाने एक प्रत ठेवून घेतली आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही करून ती परत दिली. अण्णांनी ती प्रत खिशात न ठेवता हातातच धरून घरी आणली. आणि वाचकहो, त्या रात्री ते सकाळी सहापर्यंत झोपले. पैसा मिळालेला नव्हता, निकाल लागलेला नव्हता, उलट खरी लढाई आता कुठे सुरू झाली होती. तरी ते झोपले. गोळी वाढवल्याचाही परिणाम असेल. तो मी नाकारत नाही. पण दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला त्यांनी कथा सांगितली नाही, एवढे मी पाहिले.

पुढचे थोडक्यात सांगते. मालकाने अर्ज फेटाळला. मग कायद्याने नेमलेल्या नियंत्रक प्राधिकाऱ्यापुढे प्रकरण गेले, तारखा पडल्या. २०१४ च्या दिवाळीपूर्वी पूर्ण अठ्ठावीस वर्षे धरून दहा टक्के सरळ व्याजासह रक्कम देण्याचा आदेश झाला आणि पैसे मिळाले. आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यातूनच झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. पंधरा दिवसांच्या वेतनाचा हिशेब आणि तीस दिवसांची मुदत तिच्यातही आहे. तरी आपल्या निवृत्तीच्या तारखेला कोणती तरतूद लागू होते, ते आधी विचारून घ्यावे.

इथेच हा लेख संपवला असता तर मी शहाणी ठरले असते. पण पुढे काय झाले, तेही सांगायला हवे.

२०१९ मध्ये आई पडली, खुब्याचे हाड मोडले आणि ती अंथरुणाला खिळली. माझी नोकरी चालू होती. दिवसभर आईजवळ राहायला एक मावशी मिळाल्या. आठ महिने त्यांनी आईला न्हाऊमाखू घातले, कुशीवर वळवले, भरवले. पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. माझ्या कामाच्या ओढीत अनेकदा त्या रात्रीही राहिल्या. आई गेली. तेराव्यानंतर मावशी आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, माझ्या रात्रींचे पैसे राहिलेत. एकोणीस रात्री."

मला संताप आला. एकोणीस? माझ्या आठवणीत फार तर आठ-दहा होत्या. दिवाळीला साडी दिली होती, त्यांच्या नातीच्या शाळेचे पैसे भरले होते, घरच्यासारखे वागवले होते. आणि आईला जाऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच हा हिशेब! त्यांना "बघते" म्हणून परत पाठवले आणि रात्री मला झोप लागेना. दोन वाजता ओसरीवर आले, तर अण्णा तिथे बसले होते.

मी सगळे सांगितले. सारे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "हजेरी कुठं आहे?"

हजेरी नव्हती. रात्रीचा दर किती, हेही आम्ही कधी ठरवले नव्हते. "तुम्ही घरच्याच आहात" असे मात्र मी मावशींना अनेकदा म्हटले होते. ते वाक्य उच्चारणारी मी आणि ते वाक्य ऐकणारे अण्णा, यांच्यामध्ये त्या क्षणी छापखान्याचे धाकटे शेठ येऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या घरी गेले. त्यांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, त्या ज्या ज्या रात्री आमच्याकडे राहिल्या, त्या तारखांभोवती पेन्सिलीने गोल केलेले होते. मी मोजले. एकोणीस. मावशींना लिहिता येत नव्हते. पण वहीचे काम त्यांनी केले होते, मी केले नव्हते. आसपास चौकशी करून रात्रीचा दर ठरवला, पैसे दिले आणि क्षमा मागितली. त्यांनी चहा केला. तो चहा घशाखाली उतरायला मला वेळ लागला.

ज्या घरी वृद्ध किंवा रुग्ण आहे आणि मदतीला माणूस ठेवलेला आहे, त्या प्रत्येक घराला म्हणूनच माझी विनंती आहे. पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहा: कामाचे तास, महिन्याचे पैसे, रात्रीचा वेगळा दर, महिन्यातील सुट्ट्या, सणाचे काय, काम थांबवायचे तर किती दिवस आधी सांगायचे. कागद वाचून दाखवा, दोघांनी सही किंवा अंगठा करा, एकेक प्रत ठेवा. दारामागे हजेरीची वही टांगा. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. पण आपल्या घरची हजेरी आपल्यालाच लिहावी लागते. अशा लिहिण्याने आपुलकी कमी होत नाही. उलट पैशाचा विषय मध्ये येत नाही, म्हणून ती टिकते.

याच रीतीने आणखी दोन प्रसंग सांभाळता येतात. पहिला आरोग्य विम्याचा. दावा नाकारला गेला की फोनवर वाद घालण्यात आपली शक्ती जाते. त्याऐवजी नकाराचे कारण लेखी मागावे आणि विमा कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही आणि पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याचा विचार होतो. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एक वर्षाची मुदत असते. म्हणून नकाराच्या पत्रावरील तारीख जपावी.

दुसरा प्रसंग अधिक नाजूक आहे: राहते घर मुलाच्या, मुलीच्या किंवा पुतण्याच्या नावे करून देणे. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याचे २३ वे कलम सांगते की, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळ झाला नाही, तर ज्येष्ठ नागरिकाला न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतर रद्द करून घेता येते. इथे 'अटीवर' या शब्दाला महत्त्व आहे. या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटले आहे. तरीही अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहिलेली असणे केव्हाही हिताचे. त्याहून बरे म्हणजे बक्षीसपत्राची घाई न करता मृत्युपत्र करावे. ते आपल्या पश्चात अमलात येते आणि आपल्या हयातीत कितीही वेळा बदलता येते. प्रेमाच्या भरात सही करण्याआधी चार दिवस थांबा. ज्यांचे प्रेम खरे आहे, ते चार दिवस थांबतात. याच कायद्याखाली मुलांकडून निर्वाहासाठीही न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कुठे जावे हे कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि विधी साहाय्यासाठी १५१०० हे निःशुल्क क्रमांक घरातील सर्वांना दिसतील असे लिहून ठेवावेत.

प्रत्येक वाद लढावाच, असेही नाही. वृद्धापकाळी शक्ती मोजकी असते. शेजाऱ्याची कुंडी, सोसायटीच्या सभेतील एखादा बोचरा शब्द, भाचीच्या लग्नातील मानपान यांसाठी ती खर्चू नये. अण्णांची कसोटी साधी आहे: "एका पानात लिहून बघा. लिहिण्यासारखं काही उरलं नाही, तर भांडण्यासारखंही नव्हतं." आणि लढायचेच असेल, तरी समेटाचे दार उघडे ठेवावे. लोकअदालतीत दोघांच्या संमतीने मिटलेल्या प्रकरणाचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नसते. न्यायालयात प्रकरण प्रलंबित असेल, तर भरलेले न्यायालयीन शुल्कही परत मिळते. पण तिथेही समजल्याशिवाय सही करू नये. चष्मा घरी राहिला असेल, तर सही उद्या करावी.

शुश्रूषा करणाऱ्यांना आणखी एक सांगते. घरातील वडील माणूस तीच ती तक्रार पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर "सोडून द्या हो आता" असे म्हणू नका. मी पाच महिने तेच म्हणत होते. त्याऐवजी जवळ बसा, कागद घ्या आणि विचारा, "हे कधी झालं? तारीख आठवते?" डोळ्यांना दिसत नसेल तर त्यांनी सांगावे, आपण लिहावे आणि वाचून दाखवावे. लिहून झाल्यावर आपले कोणी ऐकले, एवढे तरी त्या माणसाला निश्चित मिळते.

अण्णा आता पंच्याहत्तरीकडे झुकले आहेत. रक्तदाबाची गोळी चालू आहे, ती राहणारच. कपाटात त्यांची एक फाईल आहे. तिच्यात विम्याचे कागद, बँकेची पत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या तारीखवार लावलेल्या आहेत. अगदी वर तो शिक्का असलेला एक पानाचा अर्ज आहे, आणि त्याच्या खाली त्यांनी मागून घेतलेले मावशींच्या दिनदर्शिकेचे एक पान. पहिला कागद त्यांचा आणि दुसरा माझा, असे ते सांगतात.